चोन्सूकाकांच्या शेवयांचं मीठ

कोरियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सोलगेपो बंदरात पहाटे पाचला दोनच ठिकाणी दिवे असतात. एक मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये आणि दुसरे आमच्या चर्चमध्ये. आरडाओरडा दोन्हीकडे सारखाच. परका माणूस आला तर त्याला पटकन कळणार नाही, कुठे खेकडे विकले जाताहेत आणि कुठे पापांची क्षमा मागितली जातेय.

आमची प्रार्थनेची पद्धतच तशी. पाळक नो आधी दोन गीतं म्हणवून घेतात, दहा मिनिटं बोलतात आणि दिवे मंद करतात. मग सगळी मंडळी हात वर करून पोटातून तीनदा हाक मारते, "प्रभू! प्रभू! प्रभू!" आणि जो तो आपापलं गाऱ्हाणं मोठ्याने सुरू करतो. चाळीस माणसं, एकाच वेळी. कुणाची सून, कुणाचा गुडघा, कुणाच्या बोटीचं इंजिन. त्या गलक्यात कुणाचं कुणाला कळत नाही, म्हणून तर माणूस मोकळेपणाने बोलतो. शेजारच्याला जे मेलं तरी सांगणार नाही, ते तो त्याच्या कानाशी ओरडून देवाला सांगतो. शेवटी पाळक व्यासपीठावरची छोटी घंटा वाजवतात आणि सगळे एकदम गप्प होतात.

ओकबुनमावशींना ती घंटा ऐकू येत नसे. अडतीस वर्षं शेवयांच्या यंत्राशेजारी उभं राहून त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवा जाण्याच्या बेतात होता. पण त्याची सोय होती. शेजारी माल्सुनमावशी बसत. घंटा वाजली की त्या ओकबुनमावशींच्या बरगडीत कोपर मारत. वीस वर्षांत ही व्यवस्था एकदाही चुकली नव्हती. चर्चच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख असल्यामुळे माल्सुनमावशींच्या कोपरात बऱ्यापैकी जोर होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माल्सुनमावशी दात काढायला पोहांगला गेल्या आणि त्या पहाटे घंटा वाजली.

अडतीस माणसं गप्प झाली. ओकबुनमावशी डोळे मिटून, हात वर करून, तशाच चालू राहिल्या.

"आणि आजही तेच केलं, प्रभू! कापड काढलं, पुसलं, बटणावर बोट ठेवलं आणि परत घातलं कापड! तीन वर्षं झाली. तुला कंटाळा नाही येत माझा? मला येतो! साधं लाल बटण आहे ते. पण दाबलं, आणि यंत्र सुरू झालं, आणि पलीकडे हे नसले तर? बंद आहे तोवर वाटतं, पीठ आणायला गेलेत. येतील. उशीर झालाय जरा. आता तो तेगू शहरातला पोरगा सुगीच्या उपासनेनंतर ट्रक घेऊन येतोय. कॉफीच्या दुकानात शोभेला ठेवणार म्हणे, आणि वर कुंड्या मांडणार! कुंड्या, प्रभू! आणि मी हो म्हणून बसलेय. मला नाही द्यायचं ते. मला चालवायचंय. पण भीती वाटते. मला धीर दे. नाहीतर ही इच्छा तरी काढून घे, दोन्ही कशाला ठेवतोस? आणि माल्सुनच्या दाताचं बघ. पण फार घाई नको, तेवढीच शांतता आहे."

मी शेवटच्या बाकावर असतो. खरं सांगायचं तर प्रार्थनेपेक्षा डुलकीसाठी तो बाक बरा पडतो. पण त्या दिवशी मीही टक्क जागा होतो.

पाळक नो तरुण आहेत. अशा वेळी काय करायचं हे त्यांना पाठशाळेत शिकवलं नसावं. त्यांनी घसा साफ केला आणि शक्य तितक्या मोठ्याने "आमेन!" म्हटलं. "आमेन!" मंडळी गर्जली. तेवढं मात्र मावशींना ऐकू आलं. त्यांनी डोळे उघडले. आजूबाजूला अडतीस माना खाली, एकही हलत नव्हती. इतक्या भक्तिभावाने आमच्या मंडळीने त्याआधी कधी मान खाली घातली नव्हती. मावशींना काय झालं ते कळलं. त्यांनी बूट कसेबसे पायात सरकवले आणि त्या घरी गेल्या.

*

चोन्सूकाका, ओकबुनमावशींचे यजमान, आमच्या गावचे शेवयावाले. गव्हाचं पीठ, पाणी आणि मीठ, बस. पण त्या शेवया हातभर लांब, अंगणात बांबूच्या काठ्यांवर वाळत घातल्या की बंदरावरून येणाऱ्याला वाटावं, कुणीतरी पांढऱ्या पडद्यांचं घर बांधलंय. दर रविवारी उपासनेनंतर सबंध मंडळी त्याच शेवया जेवायची, सुक्या मासळीच्या गरम पाण्यात, वर अंड्याच्या पट्ट्या आणि दोडक्याचे काप. चोन्सूकाका स्वतः बरोबर शेवटच्या आमेनला दारात हजर होत. पन्नासाव्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधीच्या पाळकांनी विचारलं, "का घेतोयस बाबा?" तर म्हणाले, "इतकी वर्षं फुकट जेवतोय, लाज वाटते." शेवया त्यांच्याच होत्या, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

यंत्राला दोन टोकं. एका टोकाला ते पीठ सोडायचे, भुवया कायम पिठाने पांढऱ्या; दुसऱ्या टोकाला कापलेल्या शेवया काठीवर झेलायला ओकबुनमावशी. मधे धडधडणारे रूळ. आवाज एवढा की दोघांचा सगळा संसार ओरडून झाला. "जेवायला काय?" "काय?" "जेवायला!" "वारा फिरलाय!" लोक म्हणत, हे नवराबायको सतत भांडतात. भांडत नव्हते. बहुतेक वेळा ते हवामानाबद्दल बोलत असत.

कारण सगळं होतं ते हवेवर. समुद्राकडून वारा आला की ओल, डोंगराकडून आला की कोरड. त्याप्रमाणे पाण्यात मीठ कमी-जास्त. चोन्सूकाका पहाटे अंगणात जात, जीभ बाहेर काढून उभे राहत, आत येऊन चेपलेल्या ॲल्युमिनियमच्या वाडग्याने मीठ घालत. किती, ते कधी बोलले नाहीत. लपवायचं म्हणून नव्हे, कुणी विचारलंच नाही. शेवयांच्या प्रत्येक जुडीला कागदाची पट्टी, आणि त्या पट्टीवर त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात तारीख आणि वारा. "पूर्वेचा, ओला." "पश्चिमेचा, कोरडा." मीठ मात्र कुठेच लिहिलेलं नाही. ते त्यांच्या जिभेवर होतं आणि जिभेबरोबर गेलं.

ते गेल्यावर यंत्रावर कापड पडलं. रविवारच्या जेवणात सुपरमार्केटच्या शेवया आल्या. त्यांना काही चव नव्हती असं नाही. पाकिटाची होती.

*

तीन दिवस ओकबुनमावशी पहाटे चर्चला आल्या नाहीत.

आमच्याकडे एक अलिखित शिष्टाचार आहे. दुसऱ्याची प्रार्थना कानावर पडली तरी ती ऐकलेली नसते. त्यामुळे गावात कुणीही काहीही ऐकलं नव्हतं. फक्त योगायोग फार घडू लागले. चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही 'वडील' म्हणतो, त्यांतले वडील फ्यो, म्हणजे बर्फाच्या कारखान्यातले निवृत्त मिस्त्री, मावशींकडे पाना मागायला गेले. ज्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावरही पाने असतात ते.

"वहिनी, चौदा नंबरचा पाना आहे का?"

"तुमच्याकडे नाही?"

"आहे. पण तो… थकलाय."

पाना शोधता शोधता त्यांनी यंत्राच्या साखळीला तेल घातलं, पट्टा ताणून पाहिला, उंदरांनी कुरतडलेली वायर बदलली आणि पाना न घेताच घरी गेले. पाळक नो घरभेटीला आले, गीत म्हणाले, यंत्राकडे अजिबात बघायचं नाही असं ठरवून इतके बाजूने चालले की दाराच्या चौकटीवर आपटले. मीही गेलो होतो. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, बांबूच्या काठ्या "चुकून जास्त आल्या" म्हणून नेऊन टाकल्या. आम्हा सगळ्यांना वाटत होतं, आपण फार हुशारीने वागतोय.

चौथ्या दिवशी माल्सुनमावशी आल्या. गाल सुजलेला, पण तोंड चालू.

"एक दिवस! वीस वर्षांत एक दिवस मी नव्हते गं! आणि तू सगळा तमाशा त्याच दिवशी उरकलास?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच सांगितलं नाही! सगळे मला 'दात कसा आहे' विचारतात आणि हसतात. माझ्यापासून शांतता हवी होती म्हणे तुला?"

ओकबुनमावशींनी पदराने, म्हणजे एप्रनच्या टोकाने, तोंड झाकलं. "मी आता चर्चला कशी येऊ? तीन वर्षं गुपचूप मागत होते. देवाने माझं ऐकलं नाही, गावाला ऐकवलं."

"मग त्यालाही कंटाळा आला असेल! तो तरी किती दिवस एकटा ऐकेल? वाटून घेतलं त्याने." माल्सुनमावशी ओट्यावर बसल्या. "आता सांग. भीती कसली? बोटं कापली जातील म्हणून?"

"नाही."

"मग?"

"तू ऐकलंयस ना सगळं."

"मी नव्हते तिथे! मला नीट सांग. माझा हक्क आहे."

ओकबुनमावशींनी यंत्रावरच्या कापडाचं टोक सारखं केलं. मग म्हणाल्या, "पलीकडचं टोक रिकामं दिसेल."

माल्सुनमावशींनी सुजलेल्या गालावर हात ठेवला, उठल्या, यंत्रावरचं कापड ओढून काढलं, त्याची नीट घडी केली आणि यंत्राच्या त्या टोकाला, चोन्सूकाकांच्या जागी, जाऊन उभ्या राहिल्या.

"मी काही तो नाही," त्या ओरडल्या. यंत्र बंद होतं, तरी ओरडल्या. "माझ्या भुवयांवर पीठ बरं नाही दिसणार. पण टोक रिकामं नाही."

ओकबुनमावशी पुढे झाल्या. बटणावर बोट ठेवलं. नंतर त्या मला म्हणाल्या, "मला वाटायचं, आधी भीती जाईल, मग हात उठेल. त्या दिवशी कळलं की भीती काही जाणार नाही. आणि प्रभू काही ती जायची वाट बघत थांबत नाही, ती असतानाच येतो. मग मी तरी का थांबू?" त्यांनी डोळे मिटले आणि चर्चमध्ये मारतो तशा तीन हाका मारल्या, "प्रभू! प्रभू! प्रभू!" बंदरावर जाळी दुरुस्त करणाऱ्यांनी माना वर केल्या. मग धडधड सुरू झाली.

मी दुकानात होतो. तो आवाज तीन वर्षांनी आला आणि माझ्या हातातला खिळ्यांचा डबा तसाच राहिला. रस्त्यावरची माणसं थांबली. कुणी काही बोललं नाही, कारण अर्थातच कुणाला काही ठाऊकच नव्हतं.

*

हे इथे संपलं असतं तर देवाची करणी सरळ आहे असं म्हणता आलं असतं. पण शेवया झाल्या त्या पडल्या. मीठ कमी. काठ्यांवर टांगल्या आणि दुपारच्या आत तुकडे होऊन खाली. सगळ्या गल्लीतल्या कोंबड्या जमल्या. दुसऱ्या खेपेला मीठ जास्त. त्या शेवया वडील फ्यो यांनी निष्ठेने दोन वाडगे खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या उपदेशात चार वेळा पाणी प्यायला उठले. रविवारी पाळक नो यांनी मिठावर उपदेश करायचा मोह आवरला नाही, आणि ते "तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा" या शास्त्रवचनातलं "तुम्ही" म्हणताच सगळी मंडळी एकसाथ खोकली.

तिसऱ्या खेपेच्या शेवया टिकल्या. चव बरी होती. ओकबुनमावशींनी एक काडी कच्चीच चावली आणि म्हणाल्या, "या आमच्या नाहीत."

"मग तुमच्या कशा होत्या?" माल्सुनमावशींनी विचारलं.

"आठवत नाही." आणि मग त्यांचा चेहरा बदलला. "माल्सुन, मला आठवतच नाही गं. रोज आठवते असं वाटायचं. आता तोंडात दुसरी आली आणि ती गेली."

त्यांना हवी असलेली चव त्यांच्या घरातच होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. कपाटात, हिवाळ्याच्या रजयांखाली, चोन्सूकाकांची शेवटची जुडी. पट्टी न तोडलेली. "नऊ नोव्हेंबर. पश्चिमेचा वारा, कोरडा." ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली. मावशी रात्री झोपताना कधीकधी ती काढून नाकाशी धरत. कोरड्या शेवयांना वास नसतो. तरी धरत.

"ती उघड," माल्सुनमावशी म्हणाल्या.

"नाही."

"एक काडी चाव. कळेल मीठ."

"एक काडी काढायला पट्टी तोडावी लागते. ती त्यांनी चिकटवलीये. थुंकी लावून."

"थुंकी!"

"त्यांना खळ आवडायची नाही."

माल्सुनमावशी हसल्या, मग थांबल्या. "ओकबुन, तो पोरगा तीन आठवड्यांनी येतोय. ट्रक घेऊन."

दुसऱ्या पहाटे ओकबुनमावशी चर्चला आल्या. पहिल्यांदाच, त्या दिवसानंतर. सगळ्यांनी त्या रोज येत असल्यासारखी मान हलवली. गलका झाला. त्यात मावशींचे ओठ हलताना मला दिसले, पण आवाज नव्हता. कदाचित त्या काही बोलतच नव्हत्या. घंटा झाली, कोपर बसलं. घरी जाऊन त्यांनी कात्री घेतली, पट्टीचा जोड शोधला, आणि कागद फाटू न देता तो वाफेवर धरून सोडवला. पट्टी पवित्र शास्त्रात ठेवली. आणि एक काडी चावली.

एका काडीने भागलं नाही. जीभ साक्षीदार म्हणून फार बेभरवशाची. पुन्हा मीठ बदललं, पुन्हा पीठ मळलं, नवी काडी आणि जुनी काडी शेजारी शेजारी. वडील फ्योंना एक द्यावी लागली, पाळकांना एक, मलाही एक मिळाली. मी ती चघळत बसलो आणि डोळे मिटले तर मला रविवारचं दार दिसलं आणि त्यात उभा असलेला पिठाच्या भुवयांचा माणूस. मी म्हणालो, "थोडं कमी असेल." वास्तविक मला काही कळलं नव्हतं. माझं नाक चोंदलं होतं, ते सर्दीने नव्हे.

जुडी रोज बारीक होत गेली. मावशी काड्या मोजत नसत, पण मला वाटतं त्यांना नेमकं ठाऊक होतं. नवरा दुसऱ्यांदा जाताना दिसावा, आणि यावेळी तो आपल्याच हाताने वाटावा, असं ते होतं. एकदा त्या म्हणाल्या, "त्यांना असंच वाटलं असतं. घरात ठेवून काय करतेस, वाढ की लोकांना, म्हणाले असते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणायला ते हवे होते मात्र."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वारा डोंगराकडे फिरला. ओकबुनमावशी पहाटे अंगणात उभ्या राहिल्या. मी दुकान उघडायला चाललो होतो. त्यांनी जीभ बाहेर काढलेली होती. मी मान वळवून गेलो. आमच्याकडे शिष्टाचार आहे.

त्या दिवशी त्यांनी वाडग्याने मीठ घातलं, थांबल्या, थोडं काढून परत टाकलं. साडेतीन वाडगे. दोन दिवसांनी शेवया वाळल्या. जुन्या जुडीतल्या दोन काड्या उरल्या होत्या. एक त्यांनी नव्या काडीबरोबर दातांखाली धरली आणि खूप वेळ चावत राहिल्या.

"काय?" माल्सुनमावशी ओरडल्या. "बोल की गं!"

"कुठली कुठली ते कळत नाही," ओकबुनमावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

*

सुगीच्या उपासनेच्या रविवारी आमच्या व्यासपीठासमोर ढीग लागतो. भोपळे, मुळे, नव्या तांदळाच्या गोण्या, केशरी पर्सिमन फळांची करंडी, एका वर्षी कुणी जिवंत ऑक्टोपस ठेवला होता तो उपदेशाच्या मधेच निघाला. यंदा पुढच्या रांगेत शेवयांच्या जुड्या होत्या. नव्या कागदाच्या पट्ट्या, खळीने चिकटवलेल्या, आणि त्यांवर ओकबुनमावशींच्या गोल अक्षरात तारीख. खाली "पश्चिमेचा वारा, कोरडा." आणि त्याखाली, चोन्सूकाकांनी कधीच लिहिलं नाही ते: "मीठ साडेतीन वाडगे."

जेवणाला सबंध मंडळी बसली. आमच्या मंडळीत जेवताना जेवढं बोलतात तेवढं कुठे बोलत नसतील. त्या दिवशी फक्त ओरपण्याचा आवाज. शेवटी वडील फ्यो मान वर न करता म्हणाले, "वहिनी, अजून आहेत?" आणि सगळे एकदम बोलू लागले.

तेगूहून येणारा तो पोरगा एक दिवस आधीच आला होता, ट्रकसह. माल्सुनमावशींनी त्याला बाकावर बसवून तीन वाडगे वाढले. तिसऱ्यानंतर तो म्हणाला, "आजी, मग यंत्राचं काय?"

"कुंड्या दुसरीकडे ठेव," माल्सुनमावशी म्हणाल्या. "आणि शेवया हव्या असतील तर तुझ्या दुकानात वाढ. कॉफीने कुणाचं पोट भरतं?"

त्याने ओकबुनमावशींच्या जागेकडे पाहिलं. त्या तिथे नव्हत्या. त्या दारापाशी उभ्या होत्या, शेवटच्या आमेननंतर जिथे चोन्सूकाका उभे राहायचे तिथे, आणि बाहेरच्या पायऱ्यांकडे बघत होत्या. हातात वाफाळता वाडगा होता. कुणासाठी वाढून घेतला होता ते कुणी विचारलं नाही. बऱ्याच वेळाने, तो गार झाल्यावर, त्यांनी तो स्वतःच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे गलका झाला. नेहमीप्रमाणे घंटा वाजली. एकोणचाळीस माणसं गप्प झाली आणि माल्सुनमावशींनी कोपर मारलं नाही. त्या समोर बघत बसून राहिल्या, हात मांडीवर.

"…तेवढं त्यांना सांग, प्रभू," ओकबुनमावशी बोलत होत्या. "साडेतीन वाडगे. बरोबर आहे का विचार. एक काडी ठेवलीये त्यांची, ती नाही खाल्ली, ती राहू दे. आणि सांग की पलीकडच्या टोकाला माल्सुन असते आता. पीठ सांडते फार. ओरडते तर तुमच्याहून जास्त. पण वारा फिरला की ओळखत नाही. वारा फिरला की मी मान वर करते आणि सांगायला तोंड उघडते, आणि…"

त्या थांबल्या. पाळक नो यांनी आमेन म्हणायची अजिबात घाई केली नाही. आम्ही सगळे डोळे मिटून बसलो होतो. काहीही ऐकत नव्हतो.